स्मार्टफोनची राखण : संमती देण्यापूर्वी

पंतप्रधान किसान सन्मान निधीचा हप्ता जमा होण्याचे दिवस जवळ आले की गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर संदेशांची वर्दळ सुरू होते. यादीत कोणाचे नाव आहे, कोणाचे गळाले, आधार जोडणी कोणाची राहिली, याची चौकशी शेतकरी करीत असतात. नेमक्या अशाच वेळी एखाद्या परिचित व्यक्तीच्या क्रमांकावरून एक फाइल येते. तिच्यावर योजनेचे नाव असते, बोधचिन्ह असते आणि ‘आपले नाव तपासून घ्या’ असा मजकूरही असतो. पाठविणारा गावातीलच असतो. कधी तो शिक्षक असतो, तर कधी पंचायतीचा सदस्य. त्यामुळे फाइल उघडताना कोणाला संशय येत नाही. काही तासांनी बँकेच्या खात्यातून रक्कम गेल्याचे लक्षात येते. पाठविणाऱ्याकडे विचारणा केली असता, ‘मी असे काही पाठविलेच नाही’ असे उत्तर मिळते. दोघेही खरेच बोलत असतात.

या फसवणुकीची सोंगे अनेक आहेत. कधी ही फाइल वाहतूक नियमभंगाचे चलन म्हणून येते, कधी बँकेची केवायसी अद्ययावत करण्याची सूचना म्हणून, तर कधी लग्नपत्रिका म्हणून. २०२४ च्या अखेरीस लग्नपत्रिकेच्या नावाने फिरणाऱ्या अशा फायलींबाबत काही राज्यांच्या पोलिसांना जनतेला सावध करावे लागले होते. सोंग कोणतेही असो, आतील कार्यपद्धती जवळजवळ एकच असते. ती एकदा नीट समजली तर तिच्यापासून बचाव करणे अवघड नाही. ही कार्यपद्धती कोणती, ती कोठे अडविता येते आणि या कामी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यावर कोणती विशेष जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घातक आज्ञावलीचे स्वरूप

संगणकाला अथवा स्मार्टफोनला करावयाच्या कामाची जी सूचनामालिका दिली जाते, तिला आज्ञावली म्हणतात. फोनवरील प्रत्येक ॲप ही एक आज्ञावलीच होय. जी आज्ञावली फोनधारकाच्या नकळत त्याच्या अहिताचे काम करते, तिला मालवेअर असे संबोधण्यात येते. बोलण्यात आपण अशा सर्वच प्रकारांना ‘व्हायरस’ म्हणतो. परंतु स्मार्टफोनवर आढळणारे बहुतेक मालवेअर रोगजंतूप्रमाणे आपोआप शिरत नाही. उपयुक्त ॲपचे सोंग घेऊन ते येते आणि फोनधारकाच्याच हातून आत घेतले जाते.

यामागे एक कारण आहे. आपल्याकडे सर्वाधिक प्रचारात असलेल्या अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक ॲपला जणू एक स्वतंत्र खोली दिलेली असते. एका खोलीतील ॲपला दुसऱ्या खोलीतील वस्तूंना परस्पर हात लावता येत नाही. संदेश, संपर्क यादी, कॅमेरा, ध्वनिग्राहक यांचा वापर करावयाचा झाल्यास त्यास फोनधारकाची परवानगी घ्यावी लागते. ही भिंत फोडणे कष्टाचे व खर्चाचे काम आहे. सबब, सामान्य नागरिकांना लुबाडणारा भामटा भिंत फोडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो घरधन्याकडूनच दार उघडून घेतो.

गेल्या दोन दशकांचा इतिहास हेच सांगतो. २००४ साली सिंबियन प्रणालीच्या फोनवर ‘कॅबिर’ नावाची घातक आज्ञावली आढळली. मोबाइल फोनवर पसरणाऱ्या आज्ञावलींपैकी ती पहिली मानली जाते. ती ब्लूटूथद्वारे जवळच्या फोनकडे जात असे. पण समोरच्या व्यक्तीने ‘स्वीकारा’ असे म्हटल्याखेरीज तिला आत प्रवेश मिळत नसे. २०१० साली अँड्रॉइडवर ‘फेकप्लेअर’ हे मालवेअर सापडले. चित्रफिती दाखविणारे ॲप असल्याची बतावणी करून ते महागड्या क्रमांकांना संदेश पाठवीत असे. ते बसवितानाही संदेश पाठविण्याची परवानगी फोनधारकाकडून घेतली जात होती.

भारतातील एक उदाहरण विशेष बोलके आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, अर्थात सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या मालवेअरविषयी सूचनापत्र काढले. २७ बँकांचे ग्राहक त्याचे लक्ष्य झाले होते. प्रथम प्राप्तिकर विभागाच्या नावाने एक संदेश येई. त्यातील दुव्यावरून आयकराच्या संकेतस्थळासारखे दिसणारे पान उघडे व एक ॲप उतरवून घेण्यास सांगितले जाई. ते ॲप संदेश, कॉलची नोंद व संपर्क यादी यांची परवानगी मागे. पुढे ‘कर परतावा’ देण्याच्या निमित्ताने पॅन, आधार, खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा तपशील आणि पिनसुद्धा भरून घेतला जाई. परताव्याची रक्कम भरून ‘हस्तांतरित करा’ ही कळ दाबली की चूक झाल्याचा संदेश दिसे. आणि तोपर्यंत सर्व माहिती गुन्हेगारांकडे पोहोचलेली असे.

या घटनाक्रमाकडे बारकाईने पाहिल्यास असे दिसून येईल की, फोनधारकाने तीन वेळा संमती दिली. ॲप आत घेतले, त्याला परवानग्या दिल्या आणि आपली गुपिते स्वहस्ते लिहून दिली. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी तो थांबला असता, तरी हानी टळली असती किंवा पुष्कळ कमी झाली असती. म्हणून या तीन ठिकाणांचा क्रमाने विचार करू.

पहिली संमती : ॲप आत घेणे

अँड्रॉइडचे ॲप ज्या फायलीत बांधलेले असते, तिच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर ‘ए. पी. के.’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. वाचावयाच्या कागदपत्राच्या नावाअखेरीस बहुधा ‘पी. डी. एफ.’ अशी अक्षरे असतात. हा भेद लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. लाभार्थ्यांची यादी, वाहनाचे चलन, विजेचे देयक किंवा लग्नपत्रिका पाहण्यासाठी नवीन ॲप बसविण्याची आवश्यकता नसते. वाचावयाचा कागद कधीही ‘इन्स्टॉल करा’ असे सांगत नाही. तो तसे सांगू लागला, तर तो कागद नव्हेच, असे खुशाल समजावे.

फोनही या ठिकाणी आपल्याला सावध करीत असतो. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून व्हॉट्सॲप किंवा ब्राउझर यांसारख्या प्रत्येक मार्गाने ॲप बसविण्यास वेगळी परवानगी द्यावी लागते. ती मुळात बंद असते. फोनवरील ‘प्ले प्रोटेक्ट’ ही व्यवस्था बसविल्या जाणाऱ्या ॲपची तपासणी करते. २०२४ साली गूगलने प्रथम सिंगापूरमध्ये व त्यानंतर भारतात आणखी एक अटकाव प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. संदेश स्वीकारणे, संदेश वाचणे, सूचना वाचणे आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ सेवा वापरणे या चार परवानग्यांपैकी एखादी मागणारे ॲप ब्राउझर, संदेश किंवा फाइल व्यवस्थापक यांच्या मार्गे आले, तर ते बसविणेच रोखले जाते. घातक ॲपना नेमके काय हवे असते, याची ही चार परवानग्यांची यादी प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भामट्यांनाही हे अटकाव ठाऊक आहेत. म्हणून ते फोन करून ‘इशारा दिसला तर घाबरू नका, अमुक ठिकाणी दाबा, प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असे सांगतात. आपल्या घराचा कडीकोयंडा काढून ठेवण्यास सांगणारा पाहुणा कोण असावा, हे निराळे सांगावयास नको. सुरक्षाव्यवस्था बंद करावयास सांगणारी व्यक्ती स्वतःला बँकेची, पोलिसांची वा शासनाची म्हणवीत असली, तरी तिच्याशी संभाषण तेथेच थांबवावे.

ॲपलच्या आयफोनवर आपल्या देशात सर्वसाधारणपणे कंपनीच्या अधिकृत भांडारातूनच ॲप घेता येते. त्यामुळे या पहिल्या ठिकाणचा धोका तेथे कमी असतो. परंतु खोटी संकेतस्थळे व गुपिते विचारणारे फोन यांपासून तोही मुक्त नाही.

दुसरी संमती : परवानग्या

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून ॲप महत्त्वाच्या परवानग्या एकेक करून, कामाच्या वेळी मागते व दिलेली परवानगी पुढे केव्हाही काढून घेता येते. ही सोय आपण क्वचितच वापरतो. समोर आलेली चौकट दूर व्हावी म्हणून ‘अनुमती द्या’ या शब्दांवर बोट ठेवून मोकळे होतो.

येथे एकच कसोटी लावावी : मागितलेली परवानगी त्या कामाशी सुसंगत आहे काय? हवामानाच्या ॲपला आपले ठिकाण कळणे स्वाभाविक आहे. पीक पाहणीच्या ॲपला कॅमेरा व ठिकाण दोन्ही लागतात. परंतु विजेरीच्या ॲपला संपर्क यादी कशास हवी? योजनेची यादी दाखविणाऱ्या ॲपला आपले संदेश वाचण्याचे काय प्रयोजन? उत्तर सापडत नसेल तर परवानगी नाकारावी. नाकारल्यामुळे ॲप चालत नसेल, तर ते काढून टाकावे.

संदेश वाचण्याची परवानगी अधिक धोक्याची का, हेही समजून घेतले पाहिजे. बँकेचा एकदाच वापरावयाचा संकेतांक, ज्यास आपण ओटीपी म्हणतो, तो बहुधा संदेशानेच येतो. बँकेचे ॲप ज्या फोनवर, त्याच फोनवर संकेतांक. म्हणजे कुलूप व किल्ली एकाच खिशात. संदेश वाचू शकणारे मालवेअर हा संकेतांक आपल्या आधी वाचून दूर बसलेल्या गुन्हेगाराकडे पाठविते. याच मार्गाने व्हॉट्सॲपचा पडताळणी संकेतांक मिळवून ते खाते दुसऱ्या फोनवर सुरू केले जाते आणि तीच फाइल सर्व परिचितांकडे धाडली जाते. लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेल्या ‘न पाठविलेल्या’ संदेशाचा उलगडा हा असा आहे.

‘ॲक्सेसिबिलिटी’ सेवेची परवानगी तर सर्वांत नाजूक होय. ही सेवा अंध व्यक्ती अथवा हाताच्या हालचालीस मर्यादा असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी योजलेली आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणे आणि त्यांच्या वतीने कळ दाबणे हे तिचे काम. उदात्त हेतूने केलेली हीच सोय घातक ॲपच्या हाती पडली, तर ते पडद्यावरील सर्व काही वाचू शकते, स्वतः कळा दाबू शकते व स्वतःला काढून टाकण्याचा प्रयत्न हाणून पाडू शकते. अपंगत्वाच्या साह्यासाठी असलेली, विश्वासू ठिकाणाहून घेतलेली ॲप सोडता ही परवानगी कोणासही देऊ नये. सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरात जाऊन ती कोणाकडे आहे, हे आजच पाहून घ्यावे.

आणखी एक परवानगी अशी की, तिच्यात मालवेअरही लागत नाही. दूर बसून फोन अथवा संगणक हाताळण्याची काही वैध ॲप उपलब्ध असून दुरुस्तीच्या कामी ती उपयोगी पडतात. त्यांचा दुरुपयोग करून खात्यांतून रकमा काढल्या जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना दिला होता. पुढे २०२२ साली ‘आज रात्री आपला वीजपुरवठा खंडित होईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ असे खोटे संदेश महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर फिरले. घाबरून फोन करणाऱ्यांना अशीच ॲप बसविण्यास सांगितले जाई. अनोळखी माणसाला फोनचा पडदा दाखविणे म्हणजे तिजोरीसमोर त्याला उभे करून किल्ली फिरविणे होय.

तिसरी संमती : गुपिते सांगणे

पिन, ओटीपी, कार्डाच्या मागील तीन अंकी क्रमांक आणि पासवर्ड ही चार गुपिते होत. बँकेचा कर्मचारी, पोलीस वा शासकीय अधिकारी यांपैकी कोणासही ती विचारण्याचे कारण पडत नाही. यूपीआयबाबत एक गोष्ट वारंवार सांगण्याजोगी आहे. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ‘अनुदान जमा करण्यासाठी एक रुपया भरून पडताळणी करा’ असे सांगणारा त्या एका रुपयाच्या आडून आपला पिन घेऊ पाहतो.

संदेश वा संकेतस्थळ खरे की खोटे, हे ओळखण्याच्या काही खुणा आता उपलब्ध झाल्या आहेत. शासकीय संकेतस्थळांचे पत्ते साधारणतः ‘जीओव्ही डॉट इन’ अथवा ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर आणावयाची होती. २०२५ पासून व्यावसायिक संदेश पाठविणाऱ्याच्या नावाअखेरीस एक इंग्रजी अक्षर जोडले जाते. ‘जी’ हे अक्षर शासकीय संदेशाचे, ‘टी’ व्यवहाराच्या, ‘एस’ सेवेच्या, तर ‘पी’ जाहिरातीच्या संदेशाचे निदर्शक आहे. साध्या दहा अंकी क्रमांकावरून ‘शासनाचा’ म्हणून आलेला संदेश यास्तव संशयास्पद मानावा. पत्ता वाचताना त्याचा शेवट पाहावा. आरंभी योजनेचे नाव कोणालाही घालता येते.

अधिकृत भांडार आणि डोळस निवड

ॲप गूगल प्ले अथवा ॲपलच्या भांडारातूनच घ्यावे, हा नियम योग्य असला तरी पुरेसा नव्हे. भांडारातही चाळण होते, पण चाळणीतून काही खडे निसटतात. ‘जोकर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालवेअरची सुमारे १,७०० ॲप २०१७ पासून शोधून काढून टाकल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. म्हणून ॲप घेताना ते प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचे नाव वाचावे, सारख्याच नावाची नक्कल तर नाही ना हे पाहावे आणि शक्यतो संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरूनच भांडारात जावे.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपबाबत अधिक दक्षता हवी. काही ॲप कर्जदाराची संपर्क यादी व छायाचित्रे हस्तगत करून, पुढे नातेवाइकांत बदनामीची धमकी देत असत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार कर्जाच्या ॲपला फोनमधील फायली, संपर्क यादी व कॉलची नोंद पाहण्यास मनाई करण्यात आली. बँका व वित्तसंस्थांशी संलग्न असलेल्या ॲपची यादीही २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. संपर्क यादी मागणारे कर्जाचे ॲप दिसले, तर ते नियम मोडीत आहे एवढे निश्चित समजावे. बचत गटांच्या बैठकांतून ही गोष्ट अवश्य सांगितली जावी.

आपल्याकडे एकच फोन सबंध कुटुंब वापरते, ही वस्तुस्थितीही विसरून चालणार नाही. वडिलांचे बँक खाते ज्या फोनवर, त्याच फोनवर मुलगा फुकटात मिळालेला खेळ भलत्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतो. मुलाला रागावण्यापेक्षा त्याला ही तीन ठिकाणे शिकविणे श्रेयस्कर. घरात पुढे तोच राखणदार होईल.

अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व

संमतीशिवाय शिरणारे मालवेअर नसतेच, असे मात्र नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने प्रसिद्ध झालेले दोष आढळले. विशिष्ट रीतीने तयार केलेला चित्रफितीचा संदेश पाठवून फोनवर ताबा मिळविणे त्यामुळे शक्य होते. या प्रसंगानंतरच, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्याची प्रथा सुरू केली. फोनवर येणारी ‘अपडेट’ची सूचना म्हणजे गळक्या छपराची डागडुजी होय. ती पावसाळ्यापूर्वीच झालेली बरी.

प्रत्येक फोनला अशा दुरुस्त्या ठरावीक वर्षेच मिळतात. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षा पॅच’ची तारीख पाहता येते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवी दुरुस्ती येत नसेल, तर असा फोन बोलण्यापुरता वापरावा. बँकेचे व कार्यालयाचे व्यवहार त्यावर ठेवू नयेत. ‘अपडेट’ नेहमी सेटिंग्जमधून अथवा अधिकृत भांडारातून घ्यावे. संकेतस्थळावर अचानक दिसणारी ‘तुमचा फोन बाधित आहे, ताबडतोब अपडेट करा’ ही पाटी हे मालवेअरचेच आणखी एक सोंग असते.

सार्वजनिक जबाबदारी असलेल्यांसाठी

अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या फोनचे मोल त्यांच्या खात्यातील शिलकीएवढेच नसते. त्यांच्या फोनमध्ये लाभार्थ्यांच्या याद्या, विद्यार्थ्यांची माहिती, आधारच्या प्रती असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या नावावर लोकांचा विश्वास असतो. सरपंचांच्या क्रमांकावरून आलेली फाइल गाव उघडतोच. गुन्हेगाराला हवा असतो तो हाच विश्वास. त्यामुळे अशा एका फोनचा ताबा गेला, तर नुकसान एका घरापुरते राहत नाही.

या दृष्टीने काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिले व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही कारणास्तव ‘ए. पी. के.’ फाइल गटावर पाठवू नये. कामाच्या घाईत काही ठिकाणी सर्वेक्षणाचे किंवा हजेरीचे ॲपदेखील अशाच फायलीने पाठविले जाते. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे ‘वरून आलेली फाइल बसवावी’ अशी सवय लोकांना लागते आणि पुढे त्याच सवयीचा लाभ भामटा घेतो. आपण स्वतः ही वाट बंद केली, तरच ‘आमच्या कार्यालयाकडून अशी फाइल कधीच येत नाही’ असे ठामपणे सांगता येईल. ॲपची माहिती देताना त्याचे नेमके नाव व अधिकृत संकेतस्थळ कळवावे. यादी किंवा परिपत्रक असल्यास ते साध्या मजकुरात वा ‘पी. डी. एफ.’ स्वरूपात द्यावे.

दुसरे पथ्य म्हणजे व्हॉट्सॲपमधील ‘द्विस्तरीय पडताळणी’ सुरू करून सहा अंकी पिन ठेवावा. असे केल्यास केवळ संदेशातील संकेतांक चोरून खाते पळविता येत नाही. ‘जोडलेली उपकरणे’ या सदरात अपरिचित उपकरण दिसल्यास ते तात्काळ काढावे. तिसरे असे की, गटाच्या व्यवस्थापकाने संशयास्पद फाइल आढळताच ती सर्वांसाठी हटवावी आणि कारण दोन ओळींत कळवावे. काम संपल्यावर नागरिकांच्या कागदपत्रांच्या प्रती फोनमधून काढून टाकणे, हेही सुरक्षिततेचेच अंग होय.

केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. सर्ट-इनमार्फत चालविल्या जाणाऱ्या या केंद्राच्या संकेतस्थळावरून सी-डॅकने तयार केलेले ‘एम-कवच’ यांसारखी साधने विनामूल्य मिळतात. अशी साधने साह्यकारी आहेत. परंतु दिलेली संमती ती परत घेऊ शकत नाहीत.

फसवणूक झाल्यास

चूक लक्षात आल्यावरची पहिली काही मिनिटे अत्यंत मोलाची असतात. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या व तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविली जाते. ती मध्येच अडवावयाची असते. त्यासाठी पुढील क्रमाने पावले उचलावीत.

१. फोन ‘एअरप्लेन मोड’मध्ये टाकावा व वायफाय बंद करावे. त्यामुळे मालवेअरचा गुन्हेगाराशी असलेला संपर्क तुटतो.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते व कार्ड गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

३. आलेला संदेश, फायलीचे नाव, पाठविणाऱ्याचा क्रमांक, व्यवहार क्रमांक व वेळ यांची नोंद करून ठेवावी. पुरावा जपण्यापूर्वी फोन पुसून टाकू नये.

४. दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बँक, ईमेल व इतर खात्यांचे पासवर्ड बदलावेत.

५. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची ‘ॲक्सेसिबिलिटी’ व ‘डिव्हाइस ॲडमिन’ परवानगी काढावी आणि मग ते ॲप काढून टाकावे. ते निघत नसेल, तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून प्रयत्न करावा. तरीही यश न आल्यास आवश्यक छायाचित्रे सुरक्षित ठेवून फोन मूळ स्थितीत आणावा.

६. आपले कॉल अन्यत्र वळविले गेले नाहीत ना, हे सेटिंग्जमध्ये तपासावे आणि परिचितांना ‘माझ्या क्रमांकावरून आलेली फाइल उघडू नका’ असे कळवावे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने याबाबत एक महत्त्वाचे तत्त्व घालून दिले. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे रक्कम गेली असेल, तर बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे. कळविल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. ग्राहकाची वा बँकेची चूक नसता तिसऱ्याच ठिकाणी त्रुटी राहून व्यवहार झाला असेल आणि ग्राहकाने तीन कार्यालयीन दिवसांत कळविले असेल, तर त्याच्यावर काहीच दायित्व येत नाही. तात्पर्य, विलंबाचा प्रत्येक तास आपल्याच खात्यावर पडतो. दुसरीकडे, संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विलंबाचे खरे कारण पुष्कळदा अज्ञान नसते, तर संकोच असतो. ‘शिकलेला असून फसला’ असे लोक म्हणतील, मुलगा रागावेल, या भीतीने माणसे गप्प बसतात. फसलेल्या माणसास हसणारे गाव पुढच्या माणसास गप्प बसावयास शिकविते. उलट, जो उघडपणे सांगतो तो इतरांना वाचवितो, ही जाणीव शिक्षकांनी व पंचायतीने जोपासली पाहिजे.

एका ग्रामसभेचा पाठ

हे सर्व ज्ञान मोठ्या शिबिराची वाट पाहत ठेवण्याचे कारण नाही. ग्रामसभेत, पालक सभेत वा बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास पुरेसा आहे. फळ्यावर दोन फायलींची नावे लिहावीत, एक ‘पी. डी. एफ.’ची व एक ‘ए. पी. के.’ची, आणि कागद कोणता व ॲप कोणते, हे उपस्थितांनाच विचारावे. त्यानंतर प्रत्येकाने आपापला फोन हाती घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात : अज्ञात ठिकाणाहून ॲप बसविण्याची परवानगी कोणास आहे, संदेश वाचण्याची परवानगी कोणास आहे आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ कोणाकडे आहे. शेवटी १९३० हा क्रमांक सर्वांनी वहीत लिहून घ्यावा. कारण फोन बंद ठेवावा लागेल, तेव्हा फोनमध्ये जपलेला क्रमांक उपयोगी पडणार नाही. शाळेतील मोठ्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनी हीच तपासणी घरी आजी-आजोबांच्या फोनवर करावी.

शासनाच्या अनेक सेवा आज फोनच्या पडद्यावर आल्या आहेत. सातबाराचा उतारा, अनुदान, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन यांसाठी घालावे लागणारे खेटे त्यामुळे कमी झाले. एकदा लुबाडला गेलेला शेतकरी मात्र केवळ पैसेच गमावत नाही. खऱ्या योजनेच्या खऱ्या संदेशावरचा त्याचा विश्वासही उडतो आणि तो पुन्हा जुन्या रांगेत जाऊन उभा राहतो. तो विश्वास राखणे हे तंत्रज्ञांइतकेच गावातील जाणत्या माणसांचे काम आहे. त्याची सुरुवात प्रत्येकाने आपल्या हातातील फोनपासून करावी आणि ‘अनुमती द्या’ या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय स्वतःस व इतरांस लावावी.